डेटा कायद्याच्या मसुद्यावर हरकत कशी लिहावी

खासगीपणाबद्दल सल्ल्यांचा सुकाळ आहे. पासवर्ड बदला, अ‍ॅपच्या परवानग्या बंद करा, आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण लिहून सही करा. हे सगळं करावंच, पण त्याने तुमच्यापुरतं निभावतं. कंपनीने कशासाठी किती माहिती घ्यावी, ती किती वर्षं ठेवावी, फुटली तर तुम्हाला कधी कळवावं, हे कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत ठरतं. ते पक्कं होण्याआधी मसुदा काही आठवडे लोकांसमोर ठेवला जातो. त्या आठवड्यांत नेमकं काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे.

हरकती-सूचना हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या विकास आराखड्याच्या २०१५ मधल्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. आपल्या घरावरून रस्ता जातोय म्हटल्यावर लोक नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात उभे राहतात. डेटाचा कायदा मात्र वकिलांचं आणि कंपन्यांचं काम समजून सोडून दिला जातो. कंपन्या अजिबात सोडून देत नाहीत. त्यांची माणसं प्रत्येक मसुदा ओळ न् ओळ वाचून मुदतीत म्हणणं पाठवतात.

आणखी एक. मसुदा आला की ‘हा मजकूर कॉपी करून सगळ्यांनी पाठवा’ असे फॉरवर्ड सुरू होतात. त्यांच्या नादी लागू नका. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला तरी वाचणाऱ्याच्या लेखी तो एकच मुद्दा असतो. स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं अर्धं पान त्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

मसुदा विधेयकाचा की नियमांचा?

हे आधी बघा, कारण निम्मी मेहनत इथेच वाया जाते. विधेयकावर मूळ तत्त्वाबद्दल बोलता येतं. नियमांवर फक्त कायद्याच्या चौकटीतलं बोलता येतं, कारण नियम मूळ कलम बदलू शकत नाहीत.

आपल्या डेटा कायद्याचा प्रवास डोळ्यासमोर ठेवला की फरक कळतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. २०१९ चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा मसुदा आला आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम तयार झाला. त्याखालच्या नियमांचा मसुदा आला ३ जानेवारी २०२५ रोजी.

आता समजा तुमचा राग कलम ४४(३) वर आहे. या कलमाने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. वैयक्तिक माहिती सार्वजनिक हितासाठी देण्याची जी सोय त्या कलमातच होती, ती काढून टाकली. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण प्रत्येक वेळी तिथपर्यंत झगडत जाणं सामान्य अर्जदाराच्या आवाक्यातली गोष्ट नाही. रोजगार हमीचं मस्टर किंवा रेशन दुकानाची यादी मागणाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून वाटेला लावणं आता सोपं झालं आहे. खासगीपणाचा भक्कम कायदा सामान्य माणसाला पांघरूण देतो. अधिकाऱ्याच्या कारभाराला पांघरूण घालणारा कायदा मी भक्कम मानत नाही. पण हा मुद्दा नियमांच्या मसुद्यावर कितीही पोटतिडकीने लिहिलात तरी तिथे कोणीही काही करू शकत नाही. तो खासदाराकडे न्यायचा.

भरपाईचंही तसंच. या कायद्याखाली दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण कलम ३४ प्रमाणे तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात काही पडत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ही मूळ कायद्याची खोट आहे, नियमांची नाही.

मुदत, पत्ता, भाषा

मुदत मसुद्याच्या सूचनेतच असते. केंद्राच्या ५ फेब्रुवारी २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार किमान ३० दिवस मिळायला हवेत. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या मायगव्ह संकेतस्थळावर १८ फेब्रुवारीपर्यंत मुदत होती आणि ती ५ मार्चपर्यंत वाढवली गेली. वाढेल म्हणून थांबू नका.

मराठीत लिहा, संकोच नको. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतं. फक्त कलम आणि नियमाचे क्रमांक अचूक द्या.

हरकत लिहिणं

खरी अडचण इथे आहे. सुरुवातीला मलाही ही पायरी फार जड गेली. मुद्दा मनात पक्का असायचा, पण कागदावर उतरायचं ते भाषण. ‘नागरिकांच्या खासगीपणाचं रक्षण झालंच पाहिजे’ या वाक्याला कोणाचाच विरोध नसतो, म्हणून त्यावर कोणी काही करतही नाही. मसुद्याची फाईल सांभाळणाऱ्या माणसाच्या समोर नियमांचा तक्ता असतो. तुमचं म्हणणं त्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात टाकायचं, हे त्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. २०२५ च्या सूचनेत प्रतिक्रिया नियमनिहाय द्या असं स्पष्ट म्हटलंच होतं.

म्हणून एका हरकतीत एकच नियम घ्या आणि तीनच गोष्टी लिहा: कोणता नियम, त्याने कोणाचं काय अडतं, आणि त्या जागी नेमके कोणते शब्द हवेत. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि सगळं वजन तिच्यातच असतं. ‘मुदत असावी’ ही इच्छा झाली. ‘३० दिवसांच्या आत’ हा मजकूर झाला, जो उचलून नियमात बसवता येतो.

उदाहरण घेऊ. २०२५ च्या मसुद्यातला नियम १३. त्यात तक्रार निवारणाबद्दल म्हटलं होतं ते थोडक्यात असं: कंपनीने तक्रारीला किती काळात उत्तर देणार ती मुदत आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी. वाचायला चांगलं वाटतं. पण ती मुदत जास्तीत जास्त किती, याबद्दल अक्षर नव्हतं. उद्या एखाद्या कंपनीने ‘एक वर्ष’ असं जाहीर केलं तरी नियम पाळल्यासारखंच. आता हे मूळ कायद्याच्या कलम १३(३) शेजारी ठेवा. ते सांगतं की कंपनीकडची तक्रारीची वाट पुरती संपल्याशिवाय डेटा संरक्षण मंडळाकडे (या कायद्याखाली तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या मंडळाकडे) जाता येत नाही. म्हणजे नियमातली ही मोकळी जागा मंडळाकडे जाण्याची वाटच अडवत होती.

अशी हरकत कागदावर एवढीच दिसते:

नियम १३, तक्रार निवारण. मुदतीला कमाल मर्यादा नाही. अधिनियमाच्या कलम १३(३) मुळे कंपनीचं उत्तर येईपर्यंत अर्जदाराला मंडळाकडे जाता येत नाही, त्यामुळे अमर्याद मुदत म्हणजे हक्क नाकारणं होईल. सुधारित मजकूर: ‘अशी मुदत तक्रार मिळाल्याच्या दिनांकापासून ३० दिवसांपेक्षा अधिक नसेल. त्या मुदतीत उत्तर न मिळाल्यास कलम १३(३) ची अट पूर्ण झाली असे मानले जाईल.’

बस. यापुढे ‘डिजिटल युगात’ वगैरे काही जोडू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये पक्के नियम आले त्यात (तिथे तो नियम १४ झाला) ९० दिवसांची कमाल मर्यादा आली. माझ्या मते ९० दिवस फार होतात. पण अमर्याद आणि ९० यांतलं अंतर बघा.

नियम वाचताना अशा मोकळ्या जागा कशा सापडतात? माझी पद्धत एकच आहे. ओळखीचा एक माणूस मनात धरायचा आणि नियमातून त्याला चालवत न्यायचं. ज्याची माहिती आहे त्याला कायदा ‘डेटा प्रिन्सिपल’ म्हणतो, त्या शब्दाला चेहरा नसतो. त्याऐवजी सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी धरा. गेटवर वॉचमन टॅबवर त्यांचा फोटो काढतो, मोबाइल नंबर घेतो, त्या कधी आल्या आणि कधी गेल्या हे रोज अ‍ॅपमध्ये जमा होतं. कायदा म्हणतो की संमती मागताना नोटीस द्यावी आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत बघण्याचा पर्याय द्यावा. म्हणजे मराठी आलीच. पण मावशींनी तो स्क्रीन पाहिलाच नाही! टॅब वॉचमनच्या हातात होता. काम सोडल्यावर फोटो काढून टाका असं सांगायचं, तर त्यांच्या फोनवर ते अ‍ॅपच नाही. नोटिशीच्या नियम ३ वर हरकत तयार झाली: ‘माहिती दुसऱ्या व्यक्तीच्या उपकरणावर घेतली जात असेल तेथे नोटीस त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवली जाईल, छापील प्रत दिली जाईल आणि संमती मागे घेण्यासाठी त्या प्रतीवर दूरध्वनी क्रमांक असेल.’

असा मुद्दा कंपनीच्या वकिलाकडून येणार नाही. तो तुम्हालाच लिहावा लागेल, कारण गेट तुमच्या सोसायटीचं आहे.

दोन ताकिदी. ‘असू नये’, ‘काढून टाकावे’ एवढंच लिहून थांबू नका. एखादा नियम पूर्ण रद्द व्हावा असं वाटत असेल तर तसं लिहा, पण खाली ‘तसे शक्य नसल्यास’ म्हणून दुसरा मजकूर द्या. पहिलं म्हणणं नाकारलं गेलं तरी दुसऱ्यावर विचार करावा लागतो. आणि खासगीपणाच्या हरकतीत कोणाची खासगी माहिती टाकू नका. उदाहरण द्यायचं तर नाव, गाव, दवाखाना वगळून द्या. स्वतःच्या आधारची प्रत जोडण्याचं तर काहीच कारण नाही.

सात-आठ नियमांवर म्हणणं असेल तर सगळ्यांवर उरकू नका. ज्यावर तुमच्याकडे रोजचा अनुभव आहे असे दोन घ्या. शिक्षक असाल तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीचा नियम घ्या. फोन एकच आणि तोही मोठ्या मुलाच्या हातात, अशा घरात ती संमती प्रत्यक्षात कोण देतं हे तुम्हाला माहीत असतं. दवाखान्यात काम करत असाल तर माहिती फुटल्यावर कळवण्याचा नियम घ्या.

पाठवणं

पाठवा, पोच आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, मसुद्याची पीडीएफही उतरवून ठेवा. पुढे तुलनेला तीच लागते.

पाठवल्यानंतर

बहुतेकांचं काम इथे संपतं. ते संपू देऊ नका, कारण या कायद्याच्या बाबतीत आलेल्या हरकती सरकारने लोकांसमोर ठेवल्याच नाहीत. २०२२ मध्येही नाही, २०२५ मध्येही नाही. लोकांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून, असं कारण दिलं गेलं. मला ते पटत नाही. नावं झाकून मुद्दे जाहीर करता येतात आणि २०१४ च्या धोरणात प्रतिक्रियांचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवण्याची अपेक्षा आहेच. कोणत्या कंपनीने काय मागितलं आणि काय मिळवलं, हे नागरिकाला कळलं पाहिजे.

तेव्हा पक्के नियम आले की मसुद्याशेजारी ठेवून वाचा. मसुद्यात नसलेली गोष्ट आत आली आहे का, हे विशेष बघा. २०२५ च्या नियमांत ती आली. नियम ८ मध्ये नवा पोटनियम आला: वैयक्तिक डेटा, त्याचा ट्रॅफिक डेटा आणि नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवायच्या, सरकारला याच नियमांच्या सातव्या अनुसूचीतल्या कारणांसाठी लागल्या तर. मसुद्यातल्या त्या नियमात हे नव्हतं, म्हणजे त्यावर हरकत घ्यायची संधीच मिळाली नाही. माझा याला ठाम विरोध आहे. जी माहिती ठेवलेलीच नाही ती फुटू शकत नाही, आणि इथे सगळ्यांची माहिती वर्षभर साठवायला सांगितली आहे.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. पहिला माहिती अधिकाराचा. दहा रुपये भरून अर्ज करा, पण लोकांनी पाठवलेल्या हरकती मागू नका. त्या नाकारल्या जातील. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने स्वतः तयार केलेला नियमनिहाय गोषवारा आणि हा पोटनियम घालण्यामागच्या फाईलवरच्या टिपण्या मागा.

दुसरा मार्ग खासदाराचा आणि तो जास्त उपयोगी. डेटा कायद्याच्या कलम ४१ नुसार हे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात आणि सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. दोन्हीकडे दुय्यम विधिविधानाची (कायद्याखालचे नियम तपासणारी) समिती आहे, तिलाही निवेदन पाठवता येतं. खासदाराला पत्र लिहिताना ‘लक्ष घालावे’ एवढ्यावर सोडू नका. अतारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर लेखी मिळतं) तयार मजकूर द्या: नियम ८ मधला हा पोटनियम मसुद्यात होता काय, नसल्यास तो कोणत्या प्रतिक्रियेच्या आधारे घातला, त्यावर लोकांचं म्हणणं मागवलं काय. प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच मतदारसंघातल्या कार्यालयात पत्र नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. दिल्लीचं काम बघणाऱ्या स्वीय सहायकाचा नंबर तिथेच मागून घ्या. प्रश्न टाइप करून पुढे पाठवण्याचं काम तेच करतात.