चौथीला हिरकणी शिकवताना

चौथीचा वर्ग माझ्याकडे, त्यामुळे शिवरायांबरोबर हिरकणीही दरवर्षी माझ्याच वाट्याला येते. पहिल्या वर्षी मी घोळ घातला. गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी प्रामाणिकपणाच्या भरात म्हणाले, "पण त्या काळच्या कागदांत ही बाई सापडत नाही हं." पुढच्या बाकावरच्या पोरीचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे बाई, बाळ रात्रभर एकटंच?"

तेव्हापासून क्रम बदलला. कोजागिरीच्या आठवड्यात आधी फक्त गोष्ट सांगायची. पुस्तक मिटलेलं, मध्ये प्रश्न नाहीत. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, खाली पाळण्यातलं तान्हं, मग कडा. ती खाली पोचली की थांबायचं. गृहपाठ एकच: घरी आजीला विचारा, तिला ही गोष्ट कशी ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्याचे दोन भाग करायचे. सगळ्यांच्या गोष्टीत सारखं ते डावीकडे, घरागणिक बदलतं ते उजवीकडे. दूध, दरवाजा, बाळ, कडा, बुरूज डावीकडे जातात. सासू, नवरा, महाराजांनी दिलेली साडीचोळी उजवीकडे. लोककथा तोंडातोंडी कशी घडते हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता गोष्टीला दावं बांधायचं. दोन खुंट्या ठोका. जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी, म्हणजे पुढचा रायगड, महाराजांकडे आली 1656 मध्ये, आणि महाराजांचं रायगडावर निधन झालं 3 एप्रिल 1680 ला. बाई असेल तर या चोवीस वर्षांतली. राज्याभिषेक 1674 चा. राजधानी म्हणजे गडावर माणूस वाढलं, रोजचं दूधदुभतं लागलं. ते पायथ्याच्या वाड्यांतूनच चढणार. वजाबाकी मुलांनाच करू द्या.

नावांचा पुरावाही दाखवा. गडावरच्या जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' असं कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याचं नाव दगडात आहे. गवळणीचं नाव फक्त बुरुजाला आणि पायथ्याच्या हिरकणीवाडीला. यंदा एकाने विचारलं, "हिरकणी म्हणजे हिऱ्याचा कण ना? मग बुरुजाचं नाव आधी की बाई आधी?" मी उत्तर दिलं नाही. असे प्रश्न फळ्यावर तसेच राहू द्यावेत, पुसायची घाई करू नये.

मला सगळ्यात आवडणारा तास दिवाळीच्या किल्ल्याचा. सुट्टी लागायच्या आत शाळेच्या ओट्यावर चिखलाचा रायगड करायचा. त्यावर तुळशीची माती घेऊन अळीव पेरायचे ते पेरा, पण हिरकणीचं टोक पश्चिमेलाच हवं. मग खोली अंधारी करून एका मुलाच्या हातात बॅटरी द्यायची: तो चंद्र. पुनवेचा चंद्र दिवस मावळताना पूर्वेला उगवतो. बॅटरी पूर्वेकडून धरली की पश्चिमेचा कडा काळाकुट्ट! कोजागिरीचं पिठूर चांदणं, पण मध्यरात्र उलटेपर्यंत या बाजूला सावलीच. बॅटरी हळूहळू वर नेत पलीकडे झुकवली की उजेड कड्यावर उतरतो. "मग ती थांबली असेल का चांदणं यायला?" "छे, बाळ रडत होतं." वर्गात पंधरा मिनिटं भांडण. मी खडू घेऊन कोपऱ्यात बसते.

महाराजांनी त्या कड्यावर बुरूज का बांधला हे सांगताना आज्ञापत्र, म्हणजे मराठेशाहीतला राजनीतीचा ग्रंथ, हाताशी ठेवा. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, चोरदिंड्या ठेवाव्यात, असं रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात लिहिलंय. गडावर येण्याजाण्याच्या वाटांची काळजी किती बारीक होती ते यातून कळतं. जिथून दूधवाली उतरू शकते तिथून गनीम चढू शकतो. म्हणजे गोष्टीतला बुरूज जेवढा आईच्या कौतुकाचा, तेवढाच फट बुजवायचा. हे सांगितल्यावर मुलगे पहिल्यांदा सरसावून बसतात.

सहल नेणार असाल तर रोपवे हिरकणीवाडीतूनच सुटतो. टोकाकडे मुलांचे हात धरून जा, वारा फार असतो. परतीला एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसली तर तिथे कोण बसतं ते मुलांना विचारा. आमच्यातल्या एकीने आत डोकावून पाहिलं, लगेच मागे सरली आणि सगळ्यांना कुजबुजत म्हणाली, "गप्प रे, आत बाळ पितंय."