कृष्णधवल प्रिंटसाठी मॉनिटर: पांढरं जुळलं, काळ्याचं काय?

प्रिंट काळपट आली की पहिला सल्ला ठरलेला: मॉनिटरचा ब्राइटनेस कमी कर. सल्ला खोटा नाही. खोक्यातून काढलेला मॉनिटर बऱ्याचदा २५० ते ३५० कँडेला प्रति चौरस मीटर इतका प्रखर असतो आणि प्रिंटच्या कामाला ८० ते १२० पुरतात. तेवढं करून घ्याच. पण कृष्णधवलमध्ये तिथेच थांबलात तर निम्मंच काम झालं, आणि शाई-कागदाची खरी नासाडी उरलेल्या निम्म्यात होते.

आधी खरेदीचं उरकू. जाहिरातीत ‘९९ टक्के अ‍ॅडोबी आरजीबी’ (म्हणजे मॉनिटर किती रंग दाखवू शकतो त्याचं माप) असं ठळक लिहिलेलं असतं, त्यावर पाघळू नका. तुमचे सगळे टोन करड्या रंगाच्या एकाच रेषेवर असतात. हिरवा किती भडक दाखवता येतो याच्याशी तुम्हाला काही घेणंदेणं नाही. पैसे घालायचे ते पॅनलच्या एकसारखेपणात. पूर्ण स्क्रीनवर सपाट मधला करडा भरा आणि चारही कोपरे बघा. एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट दिसली तर रंगीत फोटोत ते खपून जाईल, धुक्याच्या फोटोत नाही. पॅनलचे मुख्य प्रकार तीन: आयपीएस, व्हीए, टीएन. त्यातला आयपीएस घ्या. व्हीए पॅनलचा तीन हजार पट कॉन्ट्रास्ट ऐकायला भारी वाटतो, पण डोकं थोडं इकडेतिकडे झालं की गडद टोन बदलतात, आणि आपला सगळा जीव तर त्या गडद टोनांतच असतो. टीएनचा विचारही नको.

कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रीन मोजून तिची चूक दुरुस्त करणं. जमत असेल तर हार्डवेअर कॅलिब्रेशनचा मॉनिटर घ्या, म्हणजे ही दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या १४ किंवा १६ बिटांच्या तक्त्यात होते. साध्या मॉनिटरवर ती ग्राफिक्स कार्डात होते. ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांतल्या काही त्यात गळतात आणि मोकळ्या आकाशात पट्टे दिसायला लागतात. मग माणूस फाइलमध्ये नसलेले पट्टे पुसत बसतो. पण साधा आयपीएस असेल तर तो बदलायची घाई नको. ब्राइटनेस आणि लाल-हिरवा-निळा मॉनिटरच्याच मेन्यूतून शक्य तितके जुळवून घ्या, म्हणजे कार्डाला करायला फारसं उरत नाही. इतक्यावर उत्तम काम होतं.

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर ठेवून तिचा उजेड-रंग मोजणारं यंत्र, मात्र हवाच. विकत घ्या, उसना आणा, चारजणांत मिळून घ्या. फार जुना असेल तर त्यातले फिल्टर उतरलेले असू शकतात, आणि सॉफ्टवेअरला बॅकलाइटचा प्रकार बरोबर सांगावा लागतो. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास तापू द्या. ऑटो ब्राइटनेस, इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, रात्रीचा पिवळा मोड, सगळं बंद. दुसऱ्या कुणाचं प्रोफाइल (त्याच्या मॉनिटरच्या मोजणीतून बनलेली फाइल) उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत. ‘मी डोळ्यांनीच जुळवतो’ म्हणणारे ज्येष्ठ सगळीकडे भेटतील. त्यांचे डोळे त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच प्रिंटरवर वर्षानुवर्षं घासून तयार झालेत, ते तुम्हाला उसने मिळत नाहीत. आदर ठेवा, सल्ला सोडा.

गॅमा, म्हणजे मधले टोन किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा, २.२ ठेवा. पांढऱ्यासाठी ५००० की ६५०० केल्विन यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ज्या दिव्याखाली प्रिंट बघणार त्याखाली कोरा कागद धरा, शेजारी स्क्रीनवर पांढरं भरा आणि दोन्ही एकसारखे वाटेपर्यंत आकडा हलवा. आकड्याला याहून जास्त मान देऊ नका.

आता जिथे मी सगळ्यात जास्त अडकलो ते. ब्राइटनेस १००, कोरा कागद आणि स्क्रीन अगदी जुळलेले, तरी प्रिंटमध्ये काळ्या केसांचा गोळा. स्क्रीनवर एकेक बट मोजता येत होती. कारण साधं आहे, पण ते कुणी नीट बसवून सांगत नाही. पांढरं १०० कँडेला असताना साध्या आयपीएसचं काळं ०.१ च्या आसपास असतं, म्हणजे हजार पट अंतर. मॅट कागदावरच्या सगळ्यात गडद काळ्याची घनता (काळेपणाचं माप) १.६ धरा, ते काळं पडलेल्या उजेडातला अडीच टक्के उजेड परत फेकतं. कोऱ्या कागदाशी तुलना केली तर अंतर पस्तीस-चाळीस पटच उरतं. बराइटा (डार्करूमच्या फोटो कागदासारखा किंचित चमकदार) किंवा ग्लॉसी कागदावर घनता २.३ च्या पुढे जाते, तिथे दीडशे-दोनशे पट मिळतात. हजार पटांत ऐसपैस बसलेल्या सावल्या चाळीस पटांत कोंबायच्या, तर चेंगराचेंगरी होणारच. ब्राइटनेस कमी केल्याने हे सुटत नाही. बॅकलाइट उतरला की पांढऱ्याबरोबर काळंही उतरतं, गुणोत्तर तेच राहतं. पुन्हा वाचा, कारण इथेच लोक ब्राइटनेस ८०, मग ६० करत जातात, शेवटी मधले टोन फिके छापतात आणि केस तरी गोळाच राहतात.

उपाय दोन. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्याची पातळी ठरवता येत असेल तर बराइटासाठी ती ०.५ च्या आसपास ठेवा, म्हणजे अंतर दोनशे पटांवर येतं. मॅटसाठी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते कागदाच्या प्रोफाइलवरून स्क्रीनवरच दाखवणारी सोय, वापरा आणि त्यात कागदाचा रंग व शाईचं काळं दाखवण्याचा पर्याय चालू करा. तो चालू करताच फोटो मेल्यासारखा दिसतो आणि नव्वद टक्के नवखे घाबरून तो बंद करतात. करू नका, कागदावर येणार आहे ते साधारण तसंच. टिक करताना नजर दुसरीकडे ठेवा, दहा-पंधरा सेकंदांनी बघा. आणि फोटोभोवती फाइलमध्येच रुंद पांढरी किनार जोडा, मेन्यू लपवा. नाहीतर सॉफ्टवेअरच्या पट्टीतलं खरं पांढरं डोळ्यांत बसतं आणि प्रूफमधला कागद मळका वाटतो. किनार जोडली की तीही प्रूफमधून जाते आणि डोळा तिलाच पांढरं धरतो. गडद करड्या पार्श्वभूमीवर फोटो उगाच उजळ भासतो, तोही घोटाळा यातच मिटतो.

एचडीएमआय वापरत असाल तर सेटिंगमध्ये रेंज ‘फुल’ आहे ना ते बघा. संगणक मॉनिटरला टीव्ही समजला तर ० (पूर्ण काळं) ते २५५ (पूर्ण पांढरं) याऐवजी १६ ते २३५ एवढंच पाठवतो आणि काळं धुरकट दिसतं.

एप्सनच्या प्रिंटरमधला अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या: तो नेहमीच्या रंगीत प्रोफाइलच्या वाटेने जात नाही. त्याच कागदाचं रंगीत प्रोफाइल लावून प्रूफ पाहिलं तर जे दिसतं ते त्या मोडमधून छापल्यावर मिळेलच असं नाही. क्वाडटोन रिप या कृष्णधवल छपाईच्या सॉफ्टवेअरमधल्या साधनांनी करड्याचं प्रोफाइल बनवता येतं, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी एक पट्टी छापा: ०, ४, ८, १२ असे चौकोन ४० पर्यंत, वरच्या टोकाला २४० ते २५५. रात्रभर वाळू द्या, मग रोजच्या दिव्याखाली बघा. समजा ० ते १६ एकच काळं दिसतंय आणि २० पासून फरक कळतोय. मग त्या कागदासाठी केसांतली सगळ्यात गडद बट २० च्या वर उचला, आणि मागे पेन्सिलीने कागद, मोड नि तारीख लिहा. कागद बदलला की नवी पट्टी. मॉनिटर महिन्यातून एकदा मोजला तरी पुरे.