मेलची प्रत आपोआप पाठवायची आहे? एन्क्रिप्टेड मेल आधी बाजूला काढा

प्रत्येक मेलची प्रत साहेबांना किंवा टीमच्या सामायिक पत्त्यावर गेलीच पाहिजे, असा दंडक असला की हाताने सीसी टाकणं कधी ना कधी राहतंच. मग सल्ला मिळतो, "एक रूल (मेलवर आपोआप लागू होणारा नियम) टाका, झालं!" साध्या मेलपुरतं ते खरंही आहे. पण एन्क्रिप्टेड, म्हणजे ठरावीक लोकांनाच वाचता येईल असा कुलूपबंद मेल पाठवणाऱ्याला हाच रूल गोत्यात आणतो.

सोपं काम आधी उरकू. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, मग 'कॉपीज अँड फोल्डर्स'. तिथे सीसी-बीसीसीचे (बीसीसी म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत) पत्ते भरा, विषय संपला. क्लासिक आउटलूकमध्ये 'रूल्स अँड अलर्ट्स'मधून पाठवायच्या मेलसाठी नवा रूल करा आणि सीसीचा पत्ता द्या. त्या यादीत बीसीसी नाही. त्यासाठी वेगळा जोड-प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो किंवा अ‍ॅड-इन लागतं. हा रूल त्या कम्प्युटरपुरताच असतो, त्यामुळे फोनवरून पाठवलेल्या मेलची प्रत जात नाही. जीमेलचे फिल्टर येणाऱ्या मेलसाठी असतात, तिथे वेळ घालवू नका. सगळ्यांच्या मेलची प्रत हवी असेल तर अ‍ॅडमिनकडून एक्स्चेंज सर्व्हरवरच (ऑफिसचा मेल हाताळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) मेल फ्लो रूल टाकून घ्या. तिथे बीसीसीही जमते.

आता खरी भानगड. एस/माइम किंवा ओपनपीजीपी या मेल एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतींमध्ये मेलचा मजकूर एका तात्पुरत्या कीने (डिजिटल किल्लीने) बंद होतो. ती की मग प्रत्येक प्राप्तकर्त्याच्या पब्लिक कीने (सगळ्यांना देता येते अशी, फक्त कुलूप लावणारी की; उघडणारी प्रायव्हेट की त्याच्याकडेच असते) वेगवेगळी बंद करून मेलसोबत जाते. हे सगळं मेल तुमच्या मशीनवरून निघण्याआधीच होतं. पुढे सर्व्हरने साहेबांचा पत्ता जोडला तर मेल पोचतो, पण त्यांच्यासाठीची की त्यात नसतेच. उघडायला जावं तर, एस/माइम असेल तर, 'स्माइम डॉट पी7एम' नावाची निरुपयोगी फाइल. त्यानंतर "तुमचा मेल उघडत नाही" असा फोन ठरलेला.

पत्ता पाठवण्याआधीच जोडला तरी सुटका नाही. त्या माणसाचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची पब्लिक की असलेलं डिजिटल ओळखपत्र, नसेल तर आउटलूक एक चौकट दाखवतं: अमुक पत्त्यांची सर्टिफिकेटं नाहीत किंवा चालत नाहीत. खाली बटण असतं, 'सेंड अनएन्क्रिप्टेड'. घाईत माणूस नेमकं तेच दाबतो आणि एका प्रतीपायी गोपनीय मजकूर उघडा जातो. ते बटण नाहीच असं समजा. 'कॅन्सल' करा, प्रतीचा पत्ता काढा, मगच पाठवा.

आणि एन्क्रिप्टेड मेलला बीसीसी तर नकोच. मेल कोणाकोणासाठी बंद केलाय याच्या खुणा साधारणपणे त्या मेलमध्येच असतात. जाणकार माणूस त्या वाचून लपवलेला प्राप्तकर्ता हुडकू शकतो. आउटलूकमध्ये 'डू नॉट फॉरवर्ड' (पुढे पाठवायला बंदी) लावलेल्या मेलचंही असंच: वाचायचा हक्क तुम्ही ज्यांना पाठवलात त्यांचा. त्यांना तो मागाहून फॉरवर्ड करून प्रत देता येत नाही.

म्हणून रूलला अपवाद जोडाच. सर्व्हरवरच्या रूलमध्ये मेसेजचा प्रकार 'एन्क्रिप्टेड' किंवा 'परमिशन कंट्रोल्ड' ('डू नॉट फॉरवर्ड'सारखी बंधनं असलेला) असेल तर वगळा, असं सांगता येतं. स्वतःच्या आउटलूकमध्ये विषयातल्या शब्दावर अपवाद टाका. 'गोपनीय' हा शब्द ठरवून घ्या आणि तो न चुकता लिहा. फक्त डिजिटल सही असलेल्या एस/माइम मेलची चिंता नको. पत्ता वाढल्याने सही मोडत नाही.

गोपनीय मेलचीही प्रत हवीच, असा हट्ट असेल तर एकच मार्ग मला पटतो: सामायिक पत्त्यासाठी स्वतंत्र सर्टिफिकेट घ्या आणि तो पत्ता उघडपणे सीसीत टाका. सर्टिफिकेटची मुदत संपली की नवं घ्या, पण जुनी प्रायव्हेट की जपून ठेवा. ती गेली तर त्या काळातले सगळे मेल कायमचे बंद. "मुदत संपली, डिलीट करा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

शेवटी एक चाचणी मेल पाठवा आणि ज्याला प्रत गेली त्याच्या मशीनवर उघडून बघा. तुमच्या सेंट फोल्डरमध्ये उघडला म्हणून खूश होऊ नका. तिथला मेल तुमच्याच कीने उघडतो.