स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी व्याकरण आणि शब्दसंग्रह : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरातल्या अभ्यासिकांमध्ये राज्यभरातून येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. इतिहास, राज्यघटना आणि चालू घडामोडींना दिवसाचे कित्येक तास देणारे हे विद्यार्थी इंग्रजी मात्र शेवटच्या महिन्यावर ढकलतात. माझे ठाम मत असे आहे की या विद्यार्थ्यांनी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नये. मराठीची सवय इंग्रजीत जिथे जिथे चुकीच्या वाटेला नेते, त्या जागा आधी शोधाव्यात आणि तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

त्याआधी आपली परीक्षा नक्की करून तिची रचना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. एसएससी सीजीएलच्या (केंद्र सरकारच्या पदवीधर पदांसाठीच्या परीक्षेच्या) पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी असतात, तर दुसऱ्या टप्प्यात 45 प्रश्न 135 गुणांसाठी. आयबीपीएसच्या पीओ (बँक अधिकारी) पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांसाठी 20 मिनिटांची वेगळी वेळ असते. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजी एकाच पेपरात येतात. यूपीएससी मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा आणि वर्णनात्मक असतो, त्यात 25 टक्के मिळवणे पुरेसे असते आणि ते गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. परंतु तेवढे गुण मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. पर्याय निवडण्याची तयारी आणि निबंध किंवा सारांश लिहिण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे हा निर्णय लांबवू नये.

साहित्य फार लागत नाही. अप्पा बळवंत चौकात गेल्यावर दर महिन्याला नवे पुस्तक घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. व्याकरणाचे एकच पुस्तक, निवडलेल्या परीक्षेच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरतालिकांसह, एक चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश आणि एक जाड वही एवढे पुरते. यानंतर कोणतीही तयारी न करता एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या प्रकरणातला आहे ते लिहावे. पहिल्या पेपरचे गुण कोणालाही दाखवायचे नाहीत. तो पेपर फक्त अभ्यासाचा क्रम ठरवण्यासाठी आहे.

आता मुख्य भाग. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययांची आपली व्यवस्था इंग्रजी प्रिपोझिशनशी एकास एक जुळत नाही, म्हणून त्यांचा अभ्यास मराठी प्रत्यय हाताशी धरून करावा. आपण 'पेनने लिहिले', 'रेल्वेने गेलो' आणि 'पोलिसांनी पकडले' असे एकाच तृतीयेने सांगतो. इंग्रजीत पहिल्याला 'विथ', दुसऱ्याला 'बाय' लागते आणि तिसऱ्या वाक्यात कर्तरी प्रयोग केला तर काहीच लागत नाही. 'सोमवारी', 'जूनमध्ये' आणि 'पाच वाजता' यांसाठी अनुक्रमे 'ऑन', 'इन' आणि 'अ‍ॅट' येतात, तर 'घरी गेलो' म्हणताना 'होम'च्या आधी काहीही येत नाही. 'लग्न केले' याला आपण 'शी' लावतो म्हणून 'मॅरिड विथ' लिहिले जाते, तिथे 'मॅरिड टू' हवे. 'विषयावर चर्चा केली' या सवयीने 'डिस्कस्ड अबाउट' लिहिले जाते; तिथले 'अबाउट' काढून टाकावे लागते. 'सीनियर', 'ज्युनियर' आणि 'प्रिफर' यांच्यापुढे 'दॅन' नव्हे, तर 'टू' येते. अशी किमान दोन पाने स्वतःच्या चुकांमधून तयार करावीत, कारण छापील यादीपेक्षा ती जास्त लक्षात राहतात.

काळाच्या बाबतीत दोन वाक्ये पक्की झाली की बरेच प्रश्न सुटतात. 'मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो' हे मराठीत साधा वर्तमानकाळ वापरून नीट सांगता येते, त्यामुळे 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स' असे वाक्य कानाला खटकत नाही. प्रत्यक्षात त्यात दोन चुका आहेत. 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवे आणि कालावधी सांगायचा असल्याने 'सिन्स'ऐवजी 'फॉर' हवे. 'मी काल फॉर्म भरला आहे' हेही मराठीत चालते, परंतु इंग्रजीत 'यस्टरडे'सारखा भूतकाळातला निश्चित वेळ आला की 'हॅव' चालत नाही. अप्रत्यक्ष कथनात 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत पुरुष, काळ आणि कालवाचक शब्द असे तिन्ही बदलून 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' होते. हे तीन बदल तपासण्याची सवय प्रत्येक प्रश्नात ठेवावी.

क्रियापदाच्या सुसंगतीचे कारणही मराठीतच सापडते. 'सीताने आंबा खाल्ला' यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते. इंग्रजीत ते कर्त्यालाच बांधलेले असते, मग कर्ता वाक्यात कितीही दूर असो. म्हणून लांब वाक्यात आधी कर्त्याखाली रेघ मारावी. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' असेल तर पहिला कर्ता, 'नायदर-नॉर' असेल तर जवळचा कर्ता, हे नियम त्या रेघेसह सोडवावेत. आर्टिकल मराठीत नाहीत, त्यामुळे ती विसरली जातात. पण 'अ' की 'अ‍ॅन' हे ठरवताना देवनागरी आपल्याला मदत करते. शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहावा : 'अवर' आणि 'एमएलए' स्वराने सुरू होतात म्हणून 'अ‍ॅन', 'युनिव्हर्सिटी' 'य'ने सुरू होते म्हणून 'अ'. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर' यांचे अनेकवचन होत नाही, आणि 'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शी तर 'हार्डली'ची 'व्हेन'शी असते, एवढे पाठच करावे.

शब्दसंग्रहासाठी रोज शंभर शब्द वाचण्याची प्रतिज्ञा करू नये. दहा-बारा शब्द वाक्यासह लिहावेत. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे की नवे पाठांतर सुरुवातीलाच सर्वात वेगाने विसरले जाते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, नंतर आठवड्याने आणि मग महिन्याने करावी. शब्द मुळांनुसार गोळा केल्यास कष्ट वाचतात : शब्दाच्या शेवटी येणारे 'साइड' (cide) म्हणजे मारणे हे कळले की 'होमिसाइड', 'रेजिसाइड', 'जेनोसाइड' आणि 'इन्सेक्टिसाइड' एकत्र लक्षात राहतात. शब्दसमूहाऐवजी एक शब्द विचारणाऱ्या प्रश्नांना ही पद्धत फार उपयोगी पडते. वाक्प्रचारांना मात्र असा आधार नसतो. ते मागील प्रश्नपत्रिकांतून घ्यावेत, कारण त्यांतले अनेक पुन्हा विचारले जातात.

स्पेलिंगची तयारी केवळ मोबाइलवर वाचून होत नाही, शब्द हाताने लिहावा लागतो. 'अकोमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'ऑकरन्स'मध्ये दोन सी आणि दोन आर, 'प्रिव्हिलेज'मध्ये डी नाही, 'सेपरेट'च्या मध्यभागी ई नसून ए आहे. अशा शब्दांचे एक वेगळे पान ठेवावे.

वाचनासाठी रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचा एक अग्रलेख पुरे. त्याचा सारांश चार वाक्यांत लिहावा, म्हणजे उताऱ्यावरील प्रश्न आणि वर्णनात्मक पेपर या दोन्हींची तयारी होते.

शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत पूर्ण पेपर वेळ लावून सोडवावेत. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकीला 0.50 जातो, चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर अंदाजाने उत्तर दिल्यास सरासरी 0.75 गुणाचा फायदा होतो. असा हिशेब आपल्या परीक्षेच्या नियमांनुसार आधीच करून ठेवावा. उतारा शेवटी घ्यायचा की आधी, हेही सरावातच ठरवावे. प्रत्येक पेपरनंतर चुका त्याच जाड वहीत, त्या त्या प्रकरणाखाली उतरवाव्यात, आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे पुस्तक न उघडता फक्त ती वही वाचावी.