विहिरीचं पाणी धातूंसाठी तपासायला नेण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोठ्या बाबांची दोन बोटं आठ-दहा दिवस हळद लागल्यासारखी पिवळी होती. वरोरा तालुक्यातल्या घरच्या विहिरीचं पाणी तपासायचं ठरलं, प्रयोगशाळेतून बाटली आणली, आणि तळाशी जरासं पाणी दिसलं म्हणून त्यांनी ती खळखळून धुऊन टाकली. "अवो मोठे बाबा, कायले फेकलं ते?" "जुनं पानी होतं ना त्याच्यात." ते पाणी नव्हतं, नायट्रिक आम्ल होतं. कातडीला लागलं की पिवळं पडतं, आणि धुतलं तरी जात नाही. आमची चंद्रपूरची फेरी वाया गेली ती वेगळीच.

म्हणून घरात सगळ्यांना आधी हे सांगून ठेवा: धातूंच्या तपासणीची बाटली विसळायची नाही, आणि भरताना ओसंडूही द्यायची नाही. आम्ल उगीच घातलेलं नसतं. विहिरीतून काढलेलं लोहाचं पाणी आधी नितळ दिसतं, हवा लागली की तासाभरात तांबूस होतं आणि गाळ तळाशी बसतो. शिसं तर बाटलीच्या भिंतीलाच धरून राहतं. आम्लामुळे हे सगळं पाण्यातच विरघळून राहतं, आणि नमुना घाईने पोचवायची गरज उरत नाही. पारा सोडला तर बाकीच्या धातूंना सहा महिने चालतात, पाऱ्याला अठ्ठावीस दिवस. बाटली त्यांच्याकडचीच घ्या. शरबताची, बिसलेरीची, धुतलेली औषधाची बाटली नेऊ नका.

पण बाटली आणण्याच्याही आधी ठरवायचं ते हे, की नेमका कोणता धातू शोधायचा. "पाणी तपासून द्या" म्हटलं की पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड असा नेहमीचा कागद हातात येतो. त्यात शिसं नसतं, कॅडमियम नसतं. तुमच्या शिवाराच्या आसपास काय आहे ते बघा. तुमसर-रामटेककडे मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे मँगनीज आणि लोह. वणी, भद्रावती, उमरेडकडे कोळसा, तिथे लोह-मँगनीजसोबत निकेलही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांच्या राखेच्या तलावांजवळ असाल तर आर्सेनिक, शिसं, क्रोमियम आणि पारा विचारा. एटापल्लीकडे लोहखनिज. यातलं काहीच जवळ नसेल तरी शिसं घ्याच, कारण ते बरेचदा विहिरीतून येतच नाही, घरातल्या नळातून येतं. पितळी तोट्यांत शिसं असतं. पीव्हीसी पाइपातही शिशाची संयुगं घालायची पद्धत होती, त्यावर केंद्राचे नियम २०२१ साली आले. तुमचा पाइप त्याआधीचा असेल.

त्याच फेरीत फ्लोराइड आणि नायट्रेटही करून घ्या. हे धातू नव्हेत, मला माहीत आहे. पण यवतमाळ-चंद्रपूरच्या कितीतरी गावांत खरा त्रास फ्लोराइडचा आहे, आणि संडासाचा खड्डा किंवा उकिरडा विहिरीजवळ असला की नायट्रेटचा. त्यांना आम्ल नसलेली वेगळी बाटली लागते, आणि ती बर्फात न्यावी लागते.

प्रयोगशाळेला फोन कराल तेव्हा दोन गोष्टी विचारा. एक, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे म्हणता, पण ती ह्या धातूसाठी आहे का? दुसरं, तुमच्या यंत्राला कमीत कमी किती सापडतं? हे दुसरं फार महत्त्वाचं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. आता यंत्राला ०.०५ च्या खालचं शिसं दिसतच नसेल आणि अहवालावर 'आढळले नाही' असं लिहून आलं, तर त्या कागदाचा उपयोग काय? पाण्यात मर्यादेच्या चौपट शिसं असलं तरी तो कागद हेच म्हणेल. आकडा मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये तेही बघा, हजार पटीचा फरक आहे.

गावातल्या पाणी तपासायच्या किटवर विसंबू नका. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना किट वापरायला शिकवलं आहे, आणि आमच्याकडच्या बाया ते नीट करतात. त्यात लोह, फ्लोराइड, नायट्रेट कळतं. शिसं-कॅडमियम कळत नाही. ग्रामपंचायतीचं हिरवं कार्डही स्वच्छतेचं आणि जंतूंच्या धोक्याचं असतं, धातूंचं नव्हे. आरओ विकायला येणारा पोरगा टीडीएसचं मीटर बुडवून दाखवतो, ते तर विसराच. चारशेच्या आकड्यात ०.०५ शिसं कुठे दिसणार?

वेळ बघून निघा. वैशाखात विहिरीचा गाळ उपसला असेल, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली असेल, मोटर किंवा पाइप नवीन बसवला असेल, तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. जमलं तर दोनदा करा, एकदा मेअखेरीस पाणी तळाला गेल्यावर, एकदा दिवाळीच्या सुमारास.

आता आदली संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना घ्यायचा असेल तर रात्री जेवणं झाल्यावर तो नळ बंद, सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तोटीत रात्रभर उभं राहिलेलं पाणीच पहिल्या धारेत हवं असतं. आमच्याकडे आजी पहाटे चारला उठते, म्हणून तोटीला फडकं बांधून ठेवलं होतं. रात्रीच एक गुंड भरून बाजूला ठेवा, म्हणजे सकाळच्या चहाची भांडणं होत नाहीत.

विहिरीचं उलटं. मोटर असेल तर पाच-दहा मिनिटं चालू द्या, हापशी असेल तर चार-पाच मिनिटं हापसा, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. उघड्या विहिरीत लोखंडी बादली सोडू नका, पितळी गुंडही नको. जस्ताचा मुलामा नाहीतर तांबं-जस्त पाण्यात उतरतं आणि तुम्ही विहिरीला दोष देता. प्लास्टिकचा डोल आणि नवीन नायलॉनचा दोर घ्या. डोल त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा (डोल, बाटली नव्हे). वरची साय नको, तळाचा गाळ नको, पाण्याखाली हातभर बुडवून घ्या. पाणी कपड्यातून गाळू नका. जे आपण पितो तेच तिथे गेलं पाहिजे. बाटली खांद्यापर्यंत भरा.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण. ज्याच्या हाताला खर्रा लागला आहे त्याने झाकणाला हात लावायचा नाही. तंबाखूत कॅडमियम असतं. हे सांगितल्यावर आमच्याकडे बाटली धरायला एकच माणूस उरला, आणि ती होती माझी दहावीतली बहीण. तिला रबरी हातमोजे दिले, झाकण खालच्या मातीवर ठेवू नको म्हटलं, आतून बोट लावू नको म्हटलं. तिने दोन्ही बाटल्या भरल्या आणि चिठ्ठ्याही तिनेच लिहिल्या: गाव, तालुका, गट नंबर, विहीर की नळ, विहिरीची खोली, पाणी किती हातावर, तारीख, वेळ. चिठ्ठीवर पारदर्शक टेप चिकटवली, नाहीतर बर्फाच्या पाण्यात शाई पुसते.

अहवाल येईपर्यंत पाणी उकळून भागेल असं समजू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो. शंका असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरीकडून आणा. आंघोळ, धुणं चालू राहू द्या.

एसटीत बाटल्या पिशवीत उभ्या ठेवा, मांडीवर घ्या, कंडक्टर सामानाच्या फळीवर टाका म्हणाला तरी टाकू नका. आणि पावती जपा. नमुना क्रमांक तिच्यावरच असतो, फोन केल्यावर तोच विचारतात. आमची पहिली पावती धुण्यात गेली होती.