पहिलं वेल्डिंग मशीन: आधी भिंतीवरचा प्लग बघा, मग अँपिअर

दुकानदार विचारतो, "किती अँपिअरचं देऊ?" नवखा माणूस 200 म्हणून मोकळा होतो. पण मशीन ठरतं ते दोन गोष्टींवर: जोडायचं काय आणि घरात सप्लाय कसा आहे.

ग्रील, गेट, स्टँड, कपाटाचा सांगाडा, म्हणजे दीड ते पाच मिमी जाडीचं लोखंड असेल तर रॉडवर चालणारं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारं हलकं मशीन, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) घ्या. 6013 जातीचा 2.5 मिमीचा रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालतो, 3.15 मिमीचा 90 ते 130 वर. घरगुती कामात याहून जास्त क्वचितच लागतं. गाडीचा पातळ पत्रा करायचा असेल तर मिग, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची बारीक तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन, बरं. रॉडने त्याला भोकंच पडतात. मात्र मिगला गॅसचा सिलिंडर आला, आणि उघड्यावर वारा तो गॅस उडवून लावतो, मग जोडात बुडबुडे राहतात. जुनं जड ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतं, पण बरीचशी टू फेजवर चालतात. घरात ती लाइन नसेल तर ते स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.

आता प्लग. 80 अँपिअरवर आर्कला, म्हणजे रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोताला, सुमारे 23 व्होल्ट लागतात. मशीनमधली घट धरून भिंतीतून तेरा-चौदा अँपिअर ओढले जातात, म्हणजे 16 अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम भागतं. 120 ला हाच आकडा बावीसच्या आसपास जातो. आणि खोक्यावरचे 200 खरोखर काढायचे तर चाळीसच्या घरात! 3.15 चा रॉड नेहमी चालवायचा असेल तर वायरमनकडून 4 चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन, योग्य एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. वीजबिलावरचा मंजूर भारही बघून ठेवा. एक्स्टेन्शन लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज तिथेच गळतं, रॉड चिकटतो आणि शिव्या मशीनला बसतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर किती व्होल्टपर्यंत मशीन चालतं, ते मागच्या पाटीवर वाचा.

त्याच पाटीवर ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालवता येतं ते, असते. 160 अँपिअरला 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं आराम. "200" एवढंच लिहून टक्के गाळले असतील, तर ते मशीन तिथेच ठेवलेलं बरं.

दुकानात सोबत 2.5 चे रॉड आणि 3 मिमीची पट्टी न्या. 80 अँपिअरवर चार रॉड लागोपाठ जाळून बघा. आर्क सहज लागतो का, मध्येच विझतो का, पंखा फिरतो का, होल्डरची केबल हाताला चटका देते का? केबलवर विशेष लक्ष द्या. स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती तापते आणि टोकाशी सैल होते. 16 चौरस मिमी तांब्याची केबल नंतर बदलली तरी चालेल, पण तो खर्च आधीच धरा. हॉट स्टार्ट (आर्क पेटताना क्षणभर जास्त करंट) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट कमी) असेल तर नवशिक्याचे रॉड वाचतात. बोर्ड बिघडला तर दुरुस्ती जवळ कुठे होते, हे किंमत विचारण्याआधी विचारा.

पैसे कमी पडत असतील तर मशीन एक पायरी खालचं घ्या, डोळ्यांवर वाचवू नका. गॉगल लावून वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखं खुपतं आणि तोंडाची कातडीही भाजते. 9 ते 13 शेडचं (शेड म्हणजे काचेचा काळेपणा) ऑटो-डार्क, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे, बंद बूट एवढं हवंच. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचं जस्त जोडाच्या जागी आधी घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा, त्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.

पावसाळ्यात रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सर्दावलेला रॉड तडतडतो आणि जोडात छिद्रं पाडतो. ग्राइंडर मशीनच्या शेजारी चालवू नका. पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो, ती बोर्डवर बसून शॉर्ट होतं. महिन्यातून एकदा प्लग काढून, थोडा वेळ थांबून, कोरड्या हवेने मशीन फुंकून घ्या.