केंदाळ काढताना मासे गमावू नका: या चुका टाळा

तळ्याच्या कोपऱ्यात जलपर्णीची चार रोपं दिसली तर कोणी मनावर घेत नाही. सांडपाण्याचं खत आणि ऊन मिळालं की हे केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. म्हणजे ‘अजून अर्धं तळं मोकळं आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात जेमतेम पंधरवडा उरलेला असतो.

‘हिरवं आहे, म्हणजे पाण्याला प्राणवायू मिळत असेल’ हाही गैरसमजच. जलपर्णीची पानं पाण्याबाहेर असतात, त्यामुळे त्यांचा प्राणवायू हवेत जातो. खाली ऊन पोचत नाही, वाऱ्यानं पाणी घुसळत नाही. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, घटतात आणि त्यांच्यावर पोसणारे कटला, रोहू उपाशी राहतात. कडेच्या थोड्याशा मुळांत पिल्लांना आसरा मिळतो, हे खरं. पण सगळं तळं झाकलं की तो आसरा काय कामाचा?

जाळ्यात मासे येताहेत, एवढ्यावरही समाधान मानू नका. कोणते येताहेत ते पाहा. मरळ, मागूर, शिंगी हवेतून श्वास घेतात, चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. नुसते हेच मिळू लागले, तर बाकीच्या जाती मागे हटल्या आहेत असं समजा.

सगळ्यात महागात पडते ती उन्हाळ्यातली सरसकट तणनाशक फवारणी. केंदाळ मरतं, बुडतं आणि तळाशी कुजतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, आणि कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो. ज्या माशांसाठी खटाटोप केला, तेच पालथे पडतात. त्यापेक्षा पट्ट्यापट्ट्यानं उपसा. केंदाळाचे मोठे तराफे ओढताना तळाचा गाळ ढवळतो आणि पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून काम ऊन चढल्यावरच सुरू करा. मुळं पाण्यातच झटका, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, त्यांत अडकलेली असते.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर खाद्य आणि शेणखत त्याच दिवशी थांबवा. पंपानं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पडू द्या. प्राणवायू सावरेपर्यंत नवं मत्स्यबीज सोडू नका.

तळ्यात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की प्रश्न सुटेल ही आशाही खोटी. तो पाण्याखालची मऊ पाणवनस्पती आवडीनं खातो, जलपर्णीला सहसा तोंड लावत नाही. जलपर्णी खाणारे नियोकेटिना भुंगेरे मात्र खरोखर उपयोगी आहेत. भारतात ते 1980च्या दशकात आणले गेले. पण त्यांना परिणाम दाखवायला काही वर्षं लागतात, आणि दर उन्हाळ्यात आटणाऱ्या पाझर तलावात ते टिकत नाहीत.

उपसलेलं केंदाळ काठावर ठेवलं तर पहिल्या मोठ्या पावसात परत पाण्यात जातं. ते लांब नेऊन खत करा, आणि फुलं येण्याआधीच काढा, कारण बी चिखलात अनेक वर्षं जिवंत राहतं. प्रवाहात ढकलून मोकळं होणं तर अन्यायच आहे. पवना-इंद्रायणीतली जलपर्णी भीमेतून उजनीच्या फुगवट्याकडे जाते आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकते.

नाला तळ्यात शिरतो तिथे बांबूचं तरंगतं कुंपण घाला. नवं केंदाळ तिथेच अडेल, ते दर आठवड्याला उपसा. आणि त्या नाल्यातलं सांडपाणी अडवण्यासाठी ग्रामसभेत विषय मांडा. ते येत राहिलं तर उपसणं कधीच संपणार नाही.